मंडप आणि गुडार : प्राचीन इस्राएलाच्या फिरत्या पवित्रस्थानाची रचना आणि साहित्य

हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर हुमनाबादच्या अलीकडे लागणारे मन्नाएखेळ्ळी हे गाव बीदर जिल्ह्यात मोडते आणि कलबुर्गी जिल्ह्याची हद्दही तेथून फार दूर नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला आणि १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्याकडे गेलेला हा पट्टा असा आहे, की येथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा एकाच बाजारात कानी पडतात आणि परदेशातून आलेल्या जुन्या ग्रंथातील एकाच वस्तूची दोन नावे वाचकासमोर शेजारीशेजारी येऊन बसतात. मराठी बायबलात जिला ‘निवासमंडप’ आणि ‘दर्शनमंडप’ म्हटले आहे, तीच वास्तू कन्नड बायबलात ‘देवदर्शनद गुडार’ होते. गुडार म्हणजे तंबू, राहुटी. मराठीने मंडप निवडला, कन्नडने तंबू. आणि ही वाटणी भाषांतरकारांच्या लहरीतून झाली असे वाटले, तरी तिचे मूळ हिब्रू भाषेतच आहे, कारण तेथेही या वास्तूला ‘मिश्कान’, म्हणजे वस्तीचे ठिकाण, आणि ‘ओहेल मोएद’, म्हणजे भेटीचा तंबू, अशी दोन नावे आहेत. (गावाच्या नावातील ‘मन्ना’ आणि बायबलात रानात आकाशातून पडणारा ‘मान्ना’ यांचे साम्य केवळ ध्वनीचे आहे; त्यावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह आवरलेला बरा.)

या वास्तूचे वर्णन यहुद्यांच्या तोराह या धर्मग्रंथाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे ‘निर्गम’ या पुस्तकात, दोनदा आले आहे: अध्याय २५ ते ३१ मध्ये ती कशी करावी याच्या सूचना आहेत आणि अध्याय ३५ ते ४० मध्ये ती कशी केली याची नोंद आहे. मिसर देशातून बाहेर पडलेले लोक रानात असताना, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, ती प्रथम उभी राहिली असे तेथे सांगितले आहे. तीच मापे आणि त्याच कड्या जवळजवळ शब्दशः पुन्हा वाचताना भाविक वाचकही कंटाळतो, परंतु सुताराच्या, विणकराच्या किंवा हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर हा मजकूर एका बांधकामाचे अंदाजपत्रक आणि त्याखालचे खर्चपत्रक म्हणून वाचता येतो. कामाचे मुख्य कारागीर दोन: यहूदा कुळातील बसालेल आणि दान कुळातील अहलियाब, ज्याच्या हिब्रू नावाचा अर्थच ‘पित्याचा तंबू’ असा होतो. मापाचे एकक ‘अम्मा’, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ४५ सेंटिमीटर. मराठी भाषांतराने ते सरळ ‘हात’ असे केले आणि ते योग्यच झाले, कारण दोरी, कापड आणि विहिरीची खोली हातांत मोजणाऱ्या समाजाला त्यासाठी वेगळी तळटीप लागत नाही.

लाकडापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण तेथेच ही दूरदेशीची वास्तू दख्खनच्या सर्वांत जवळ येते. मूळ शब्द ‘शित्तीम’ असा आहे आणि मराठीत तो ‘बाभळीचे लाकूड’ तर कन्नडमध्ये ‘जालीमर’ असा झाला आहे. जाली म्हणजे बाभूळच. सिनाय आणि नेगेव या कोरड्या प्रदेशांत उगवणारी ही झाडे दख्खनच्या बाभळीची सख्खी चुलत भावंडे आहेत: तेच काटे, तीच गोंड्यासारखी फुले, तोच डिंक आणि तोच जड, कठीण, सहसा किडीला न बधणारा लालसर गाभा. बीदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात बांधावरची बाभूळ नांगरासाठी, कुळवासाठी आणि विशेषतः बैलगाडीच्या चाकासाठी राखली जात असे, कारण तुंबा, आरे आणि पुठ्ठे यांवर पडणारा दणका सोसणारे दुसरे लाकूड शेतकऱ्याच्या हाताशी नव्हते. तेव्हा ज्या वास्तूला सतत उतरवायचे, गाडीवर घालायचे आणि पुन्हा उभे करायचे तिला बाभूळ निवडावी यात गूढ असे काही नाही. त्या रानात मिळणारे टिकाऊ लाकूड तेच होते. अडचण आहे ती लांबीची, आणि तिच्याकडे पुढे वळावे लागेल.

गाभ्याचा सांगाडा ४८ उभ्या फळ्यांचा होता: दक्षिणेस २०, उत्तरेस २० आणि पश्चिमेस कोपऱ्याच्या दोन धरून ८, पूर्वेची बाजू प्रवेशासाठी मोकळी. प्रत्येक फळी १० हात उंच आणि दीड हात रुंद असून सोन्याने मढवलेली होती. संपूर्ण वास्तूची लांबी-रुंदी ग्रंथात कोठेही सरळ सांगितलेली नाही. ती वाचकाने फळ्या मोजून काढायची आहे, आणि २० गुणिले दीड असा हिशेब करून ३० हात लांबी मिळते, तर उंची व रुंदी १० हात धरली जाते. म्हणजे आजच्या मापाने सुमारे साडेतेरा मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद, एखाद्या गावच्या शाळेच्या दोन खोल्यांएवढी जागा. प्रत्येक फळीच्या खालच्या टोकाला दोन कुसू होते. कुसू म्हणजे लाकूड कोरून काढलेला, दुसऱ्या भागातील खाचेत बसणारा जिभेसारखा भाग. मराठी सुतार ज्याला साळ-कुसवाचा सांधा म्हणतो तोच हा, फक्त हिब्रूत त्या जिभेला ‘याद’, म्हणजे ‘हात’, असे नाव आहे. हे दोन हात चांदीच्या दोन बैठकांत उतरत. फळ्यांना बाहेरून सोन्याच्या कड्या होत्या आणि त्यांतून प्रत्येक बाजूला पाच-पाच अडसर, म्हणजे आडवे दांडे, ओवले जात. पैकी मधला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाई. खिळा एकही नव्हता. अडसर ओढून काढले की भिंत सुटी होई.

चांदीच्या त्या बैठकांचा हिशेब ‘निर्गम’च्या ३८ व्या अध्यायात अशा रीतीने दिला आहे, की एखाद्या कुलकर्ण्याने तो तपासावा. शिरगणतीत मोजलेल्या ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल चांदी दिली, म्हणजे एकूण ३,०१,७७५ शेकेल. तीन हजार शेकेलांचा एक किक्कार, सुमारे ३४ किलो. म्हणून ही चांदी १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल होते. फळ्या ४८, प्रत्येकीस दोन बैठका, म्हणजे ९६. अंतरपटाच्या खांबांच्या चार मिळून १००. एका बैठकीस एक किक्कार. उरलेल्या १,७७५ शेकेलांतून अंगणाच्या खांबांचे आकडे, कळस आणि बांध झाले. एक शेकेलही शिल्लक राहत नाही. सहा लाख पुरुष रानात हिंडत होते हे इतिहासाला मान्य होण्यासारखे नाही आणि हा ताळा उलट्या बाजूने, बैठकांपासून माणसांकडे, जुळवला गेला असावा अशी शंका घ्यायला जागा आहे. पण त्यामागची कल्पना स्पष्ट आहे. श्रीमंताने अर्ध्या शेकेलाहून जास्त द्यायचे नाही आणि गरिबाने कमी द्यायचे नाही असा दंडक घालून, ज्या पायावर सगळी वास्तू उभी आहे तो पाया सर्वांच्या समान वर्गणीचा केला आहे. सोने आणि तांबे मात्र ज्याने त्याने आपल्या खुशीने आणलेले होते.

तांब्यासंबंधी एक दुरुस्ती येथे करावी लागते. मराठी भाषांतरात अंगणातील वेदी, खांबांच्या बैठका आणि मेखा ‘पितळे’च्या आहेत, परंतु मूळ ‘नेहोशेत’ या शब्दाने तांबे किंवा तांबे व कथील यांचे मिश्रण, म्हणजे कासे, समजायचे. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, आणि जस्ताचा धातू म्हणून वापर त्या काळी त्या प्रदेशात नव्हता. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या आणि चांदीच्या तारा जडवलेल्या बिदरी भांड्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव जगभर गेले, त्या जिल्ह्यातील वाचकाला हा फरक सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे दिसणार नाही.

आता फळ्यांच्या अडचणीकडे. ‘गणना’ या पुस्तकात वाहतुकीची तरतूद दिली आहे: सहा झाकलेल्या गाड्या आणि बारा बैल. त्यांपैकी दोन गाड्या कापडे वाहणाऱ्या गेर्षोनी घराण्याला आणि चार गाड्या, आठ बैलांसह, लाकूडकाम वाहणाऱ्या मरारी घराण्याला मिळाल्या. फळीची जाडी मात्र कोठेच दिलेली नाही. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस ती चार बोटे सांगतो. रब्बींच्या एका परंपरेत ती चक्क एक हात आहे. एक हात जाडी धरली तर बाभळीसारख्या लाकडाची एकच फळी एक टनाहून जड होते, आणि चार गाड्यांवर ४८ म्हणजे प्रत्येक गाडीवर अशा बारा. जोसेफसची चार बोटे धरली तरी एका गाडीवर फळ्यांचेच दोन टनांहून अधिक ओझे पडते, आणि वर चांदीच्या २५ बैठका, म्हणजे आणखी साडेआठशे किलो, शिवाय अंगणाचे खांब. एका बैलजोडीने हे ओझे वाळूतून ओढायचे! धर्मशास्त्राच्या पंडितांनी या प्रश्नावर शतकानुशतके लिहिले आहे, परंतु ज्याने उसाची किंवा कडब्याची गाडी चिखलातून काढली आहे अशा कोणत्याही शेतकऱ्याने त्याचा निकाल एका वाक्यात दिला असता. त्यातच सिनायच्या बाभळीला साडेचार मीटर लांब आणि पाऊण मीटरच्या जवळपास रुंद अशी सलग फळी निघेल असे सरळ खोड सहसा नसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ए. आर. एस. केनेडी या स्कॉटिश अभ्यासकाने यावर असा तोडगा सुचवला, की ‘केरेश’ या हिब्रू शब्दाचा अर्थ भरीव फळी असा न घेता चौकट असा घ्यावा: दोन उभे दांडे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि मधे मोकळी जागा. ते दोन दांडे म्हणजेच ते दोन ‘हात’. दाराच्या चौकटीसारखी ही रचना हलकी होते, लहान लाकडातून साधते, गाडीवर मावते, आणि तिचा आणखी एक लाभ असा, की वरून पांघरलेल्या कापडाची नक्षी चौकटीच्या मोकळ्या जागेतून आत दिसत राहते; भरीव फळ्या असत्या तर ती दोन्ही बाजूंना भिंतीमागे झाकून गेली असती. हे अनुमान आहे, पण फळ्यांच्या पारंपरिक चित्रापेक्षा ते अधिक पटण्याजोगे आहे. आणि त्याला खरा आधार मिळतो तो शब्दकोशातून नव्हे, त्या चार गाड्यांतून.

या चौकटींवर कापडाचे आणि कातड्याचे चार थर होते, आणि येथेच मंडप व गुडार यांचा झगडा मिटतो, कारण ग्रंथात सर्वांत आतल्या कापडाला ‘मिश्कान’ म्हटले आहे आणि त्यावरच्या दुसऱ्या कापडाला ‘ओहेल’. दोन नावे, दोन थर. पहिला थर तलम पांढऱ्या सुताचा, निळ्या, जांभळ्या व किरमिजी धाग्यांनी करूब, म्हणजे पंख असलेल्या आकृती, विणून काढलेला: २८ हात लांब आणि ४ हात रुंद असे दहा पडदे, पाच-पाच जोडून दोन मोठे पट, आणि त्या पटांच्या कडांना निळ्या सुताची पन्नास-पन्नास बिरडी, जी सोन्याच्या पन्नास आकड्यांनी एकमेकांत अडकवायची. दुसरा थर बकरीच्या केसांचा: ३० हात लांबीचे अकरा पडदे, त्यांना आकडे तांब्याचे. आता ही दोन मापे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा हात उंच भिंती आणि मधले दहा हात छत मिळून ३० हात होतात. म्हणजे २८ हातांचे तलम कापड दोन्हीकडे जमिनीपासून एक-एक हात वर राहते, मातीला टेकत नाही, आणि ३० हातांचे केसांचे कापड बरोबर जमिनीपर्यंत पोहोचते. तसेच आतला एक पट पाच पडद्यांचा, म्हणजे २० हातांचा असल्यामुळे सोन्याच्या आकड्यांची ओळ प्रवेशापासून नेमकी २० हातांवर येते, आणि ग्रंथाच्या सूचनेनुसार त्याच ओळीखाली अंतरपट टांगायचा आहे. मागे उरतो तो १० हात लांब, १० हात रुंद, १० हात उंच असा घन: परमपवित्रस्थान. शिवणीची जागा आणि पावित्र्याची सीमा एकाच रेषेत आणणारा हा शिंपी कोणी का असेना, त्याला आपले काम येत होते.

मराठी अनुवादकाने आतल्या पडद्यासाठी ‘अंतरपट’ हा शब्द घेतला. लग्नमंडपात वधूवरांमध्ये धरला जाणारा आणि मुहूर्ताला दूर होणारा पडदा ज्याला ठाऊक आहे त्या वाचकाच्या मनात या शब्दाने भेटीची अपेक्षा जागी होते, आणि ‘दर्शनमंडप’ या नावाशी ते जुळतेही. फरक एवढाच, की हा अंतरपट वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, फक्त मुख्य याजकासाठी बाजूला होत असे. कापडाच्या बाबतीत मात्र भाषांतर थोडे घसरले आहे. ‘शेश’ हे मिसरी वळणाचे नाव जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचे आहे, तर मराठीत ते ‘सणाचे कापड’ झाले. याचे कारण समजण्यासारखे आहे: दख्खनमध्ये जवस पेरले जाते ते तेलासाठी आणि चटणीसाठी, आणि त्याच्या काडीतून राजाला शोभेल असे वस्त्र निघते ही गोष्ट येथील विणकरांच्या अनुभवात नव्हती, झाडाच्या सालीतून निघणारा परिचयाचा धागा म्हणजे सण.

रंगांच्या नावांत उलट घडले आहे, तेथे मराठी शब्द मुळाच्या विलक्षण जवळ गेला. तांबड्या रंगासाठी हिब्रूत ‘तोलाअत शानी’ असे म्हणतात, त्यात ‘तोलाअत’ म्हणजे किडा. ओकच्या झाडावर वाढणाऱ्या एका खवलेकिड्याच्या वाळवलेल्या माद्यांपासून तो रंग काढीत. मराठी ‘किरमिजी’ हा शब्द फारसीतील ‘किर्म’, म्हणजे किडा, यापासून आलेला असून संस्कृत ‘कृमि’ त्याचा भाऊबंद आहे. निळा ‘तखेलेत’ आणि जांभळा ‘अर्गामान’ हे रंग भूमध्य समुद्रातील शंखवासी गोगलगायींच्या ग्रंथीतून मिळत. १९०९ मध्ये पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने अशा १२,००० गोगलगायी घेतल्या तेव्हा त्याच्या हाती जेमतेम १.४ ग्रॅम रंगद्रव्य आले; त्यावरून या धाग्यांच्या किमतीची कल्पना यावी. हे रंग त्या भागात खरोखर वापरात होते याचा पुरावा दक्षिण इस्राएलमधील तिम्ना येथील तांब्याच्या खाणींच्या परिसरात सापडलेल्या, इ. स. पू. १००० च्या सुमाराच्या लोकरी चिंध्यांनी दिला असून त्यांवरील जांभळ्या रंगाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

बकरीच्या केसांचे कापड स्त्रियांनी सूत काढून केले असे ग्रंथ सांगतो. अरबस्तानातील बदू लोकांचे काळे तंबू आजही या केसांचे असतात आणि त्यांचा गुण असा, की कोरड्या हवेत विणीतून वारा खेळतो व पाऊस पडला की केस फुगून वीण दाटते. बीदर-कलबुर्गीकडील धनगर-कुरुबांची घोंगडी, जिला कन्नडमध्ये कंबळी म्हणतात, ती मेंढीच्या लोकरीची असली तरी तिची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात मेंढरांमागे उभा राहणारा माणूस याच गुणावर विसंबून असतो. तिसरा थर लाल केलेल्या मेंढ्यांच्या कातड्यांचा होता. बाभळीच्या सालीत आणि शेंगांत कातडे कमावण्याचे द्रव्य भरपूर असते, प्राचीन मिसरातही त्यासाठी बाभळीच्या शेंगा वापरीत, आणि अशा कमावलेल्या कातड्याला मुळातच तांबूस झाक येते. चौथा थर ‘तहश’ नावाच्या कशाच्या तरी कातड्याचा. तो प्राणी कोणता यावर बिज्जूपासून समुद्रगाईपर्यंत अनेक तर्क झाले, जुन्या ग्रीक भाषांतराने तो प्राणी न मानता रंग मानला, आणि मराठी अनुवादकाने शब्द तसाच ठेवून शहाणपणा दाखवला.

आतील वस्तूंची यादी लांब आहे, तिच्यातील थोड्याच येथे पुरेत. बाहेर १०० हात लांब व ५० हात रुंद असे अंगण, त्याला ६० खांबांवर टांगलेली पाच हात उंचीची पांढरी कनात. अंगणात तांब्याने मढवलेली वेदी आणि हातपाय धुण्याचे गंगाळ, जे प्रवेशद्वाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांच्या धातूपासून केलेले होते. पवित्रस्थानात भाकरींचे मेज, धूपवेदी आणि एक किक्कार शुद्ध सोने ठोकून घडवलेला, बदामाच्या फुलांच्या आकाराच्या वाट्या असलेला सात दिव्यांचा दीपवृक्ष. आणि अंतरपटाआड अडीच हात लांबीचा, दीड हात रुंद व तितकाच उंच कोश, म्हणजे पेटी, त्यावर ‘दयासन’ नावाचे सोन्याचे झाकण आणि त्याच्या दोन टोकांना पंख पसरलेले दोन करूब. बाहेरून आत जाताना तांब्याची जागा चांदी आणि चांदीची जागा सोने घेते. विणकामातही हाच क्रम आहे, कारण दाराच्या पडद्यावर नुसता कशिदा आहे, तर करूबांच्या आकृती आतल्या कापडात आणि अंतरपटात विणलेल्या आहेत. प्रवासात मात्र हा क्रम उलटा होई: कोशावर आधी अंतरपटच घालीत, त्यावर तहशाचे कातडे आणि सर्वांत वर निळे कापड, आणि तो गाडीवर न ठेवता कहाथी घराण्यातील माणसे खांद्यावर वाहत.

अशी गाड्यांवरून हलणारी कापडी वास्तू भारतालाही अपरिचित नाही: अकबराच्या छावणीचे वर्णन अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. तिच्या मध्यभागी लाल कापडाची ‘गुलालबार’ ही कनात असे आणि छावणी हलवायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर घेतले आणि पुढे बादशहा म्हणून त्याने दख्खनमध्ये जी पाव शतकाची मोहीम चालवली, तीही अशाच कापडी नगरातून. त्या मानाने सहा गाड्या म्हणजे काहीच नाही, पण आराखडा ओळखीचा आहे: कनातीच्या आत कनात, मध्यभागी राजाचा डेरा आणि जवळिकीप्रमाणे ठरलेली माणसांची जागा. मिश्कान हा देवाचा राजडेरा आहे. दख्खनच्या देवांनाही प्रवासाची सवय आहे, भालकीजवळच्या मैलारचा खंडोबा पालखीत बसतो आणि पंढरीच्या वाटेवर पादुका चालतात. परंतु पालखी परत येते, कारण गाभारा जागचा हललेला नसतो. मिश्कानात गाभाराच गाडीवर चढतो आणि त्यात मूर्ती नसते. मूर्तीऐवजी दोन करूबांमधली रिकामी जागा. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांनी स्थावर देवळाला नाकारून जंगमाला मान दिला आणि इष्टलिंग ज्याच्या त्याच्या गळ्यात आले. चांदीच्या करडिगेत, म्हणजे छोट्या पेटीत, मावणारे ते देऊळ मिश्कानाहूनही हलके, पण त्याची दिशा वेगळी. मिश्कान जंगम होता तरी तो सर्व लोकांचा मिळून एकच होता आणि त्यात पाऊल टाकण्याचा अधिकार याजकांपुरताच होता.

ही वास्तू खरोखर होती का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात यूलियुस वेलहाउझेन या जर्मन पंडिताने तीव्र केला. त्याच्या मते शलमोनाचे जेरुसलेममधील मंदिर ६० हात लांब आणि २० हात रुंद, आणि मिश्कान बरोबर त्याच्या निम्मा. म्हणजे बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळातील याजकांनी मंदिराचेच निम्मे चित्र मागे, रानात, नेऊन ठेवले. १९४७ मध्ये फ्रँक मूर क्रॉस याने वर्णन उशिराचे असले तरी त्यामागे तंबूच्या देवस्थानाची जुनी परंपरा आहे असे मांडले. मिसरातून मिळालेले पुरावे त्याला बळ देतात. खुफू राजाची आई हेतेफेरेस हिच्या गिझा येथील कबरीत १९२५ मध्ये सोन्याच्या पत्र्याने मढवलेला लाकडी छताचा सांगाडा सापडला. त्याचे खांब सांध्यांतून सुटे होतात आणि तो मिश्कानाच्या मानलेल्या काळाहून हजार वर्षांपेक्षा अधिक जुना आहे. तुतनखामेनच्या कबरीत एकात एक बसवलेली सोनेरी देव्हाऱ्यांची चार आवरणे होती आणि त्यांतील दोहोंच्या मध्ये चौकटीवर पसरलेले कापड होते. इ. स. पू. १२७४ च्या कादेशच्या लढाईच्या शिल्पांत दुसऱ्या रामसेसची छावणी आयताकृती कोरली आहे, तिच्यात राजाचा दोन दालनांचा तंबू आहे आणि आतल्या दालनात त्याच्या नावाला दोन्हीकडून पंखांच्या आकृतींनी वेढले आहे. तिम्ना येथे १९६९ मध्ये बेनो रोथेनबर्ग यांनी उत्खनन केले तेव्हा हाथोर देवीच्या मिसरी मंदिराच्या जागी, मिसरी लोक निघून गेल्यावर, तंबूचे देवस्थान उभारले गेल्याच्या खुणा मिळाल्या: भिंतीलगत लाल व पिवळ्या जाड कापडाचे ढीग, आणि सोन्याने मढवलेले डोके असलेला तांब्याचा एक छोटा साप. तेव्हा एक टन सोने आणि साडेतीन टन चांदी ही याजकांच्या लेखणीची श्रीमंती मानावी. साळ-कुसू, अडसर, बिरडी आणि केसांचे कापड हे मात्र कल्पनेने सुचणारे तपशील नाहीत, ते कोणीतरी हाताळलेले आहेत.

मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, म्हणजे कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या, प्रार्थनास्थळांत या तंबूचे अवशेष दगडी भिंतींच्या आत जपलेले दिसतात. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेल्या त्यांच्या पहिल्या सिनेगॉगपासून पुढे सर्वत्र तोराहच्या गुंडाळ्या ‘हेखाल’ नावाच्या कपाटात ठेवतात, त्यापुढे पडदा असतो आणि त्याचे नाव ‘पारोखेत’, जे ‘निर्गम’मधील अंतरपटाचेच हिब्रू नाव आहे. कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला पडते म्हणून हेखाल साधारणपणे पश्चिमेच्या भिंतीत असतो, आणि मिश्कानातील परमपवित्रस्थानही पश्चिमेच्याच टोकाला होते. पुण्यात १८६७ मध्ये पूर्ण झालेले, बगदादी यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांचे सिनेगॉग गावात ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखले जाते. त्याचे खरे नाव ‘ओहेल डेव्हिड’, डेव्हिडचा तंबू.

कोशाच्या कड्यांत घातलेले बाभळीचे दांडे कधीही काढू नयेत अशी ‘निर्गम’ची आज्ञा आहे. पुढे शलमोनाने जेरुसलेमात दगडाचे मंदिर बांधले, कोश त्याच्या आतल्या दालनात कायमचा ठेवला आणि वाहून नेण्याचे प्रयोजन उरले नाही. तरीही ते दांडे काढले गेले नाहीत, आणि ‘राजे’ या पुस्तकातील नोंदीनुसार ते इतके लांब होते, की आतल्या दालनासमोर उभे राहणाऱ्याला त्यांची टोके दिसत असत.